त्यांची वर्गातली जागा राखून ठेवा

(महाराष्ट्रातल्या सर्व विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुलं पत्र)

माननीय कुलगुरू महोदय आणि महोदया,



आपल्या एखाद्या संलग्न महाविद्यालयाचं दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाचं हजेरीपत्रक मागवून घ्या. जुलैमध्ये रोज हजर असलेलं एखादं नाव सप्टेंबरात आठवड्यातून दोनदा दिसतं, दिवाळीनंतर दिसतच नाही. सबमिशन झालेलं नसतं, टर्म ग्रँट होत नाही, शेरा पडतो 'अनियमित'. पुढच्या वर्षीच्या हजेरीपत्रकात ते नावच नसतं. अशी गळती कितीतरी कारणांनी होते. कुणाच्या घरी फी भरायला पैसे उरलेले नसतात, कुणाला नोकरी लागते, कुणा मुलीचं लग्न ठरतं. पण काही मुलं आजारी पडलेली असतात, आणि आजार असा की त्याचं नाव घरचे कॉलेजला कळवत नाहीत आणि कॉलेजही विचारत नाही. वडील एसटीनं येतात, हॉस्टेलच्या खोलीतली गादी, पेटी आणि पुस्तकं बांधतात, रेक्टरच्या वहीत सही करतात आणि मुलाला गावी घेऊन जातात. त्या सहीनंतर विद्यापीठाच्या लेखी तो विद्यार्थी संपतो. मी हे पत्र त्या सहीनंतरच्या वर्षांबद्दल लिहिते आहे.

या आजाराला डॉक्टर सायकोसिस म्हणतात. आजूबाजूला कुणी नसताना आवाज ऐकू येतात. ते आवाज टोमणे मारतात, हुकूम सोडतात. रूममेट डब्यात काहीतरी मिसळतो अशी पक्की खात्री होते. मेसमधले सगळे आपल्याबद्दलच कुजबुजताहेत, मोबाइलमधून कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे, आपल्या मनातलं सगळ्यांना कळतं आहे, अशा गोष्टी त्या मुलासाठी खरोखर घडत असतात. स्किझोफ्रेनियात हे होतं, बायपोलर आजाराच्या तीव्र टप्प्यात होतं, गांजासारख्या नशेनंही होऊ शकतं, आणि काहींना एकदाच होऊन पुन्हा कधी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं एकट्या स्किझोफ्रेनियाचं प्रमाण प्रौढांमध्ये साधारण सव्वादोनशे जणांमागे एक आहे. सुरुवात बहुतेकदा सोळा-सतराव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या काळात होते, मुलांमध्ये थोडी लवकर, मुलींमध्ये थोडी उशिरा. म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहायला फार घाई होते आणि कारखान्याच्या मॅनेजरला लिहायला फार उशीर. पहिला झटका येतो तेव्हा ही मुलं बहुधा आपल्याकडे शिकत असतात.

आरोग्यमंत्र्यांना का नाही लिहिलं, असं आपण विचाराल. त्यांच्याकडे मागण्यासारखं खूप आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याच्या कलम १८ मध्ये हाफ-वे होम, आधार देणारी निवासव्यवस्था, कुटुंबाला मदत, घराजवळ पुनर्वसन, हे सगळं सरकारनं पुरवायचं असं स्वच्छ लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात एका टोकाला येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही जुनी मनोरुग्णालयं, दुसऱ्या टोकाला जिल्हा रुग्णालयातली ओपीडी आणि टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. मधला पट्टा जवळजवळ मोकळा. तिथे जे काही उभं आहे ते बरंचसं संस्थांनी आणि घरच्यांनी उभं केलेलं. २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. त्यात महाराष्ट्र नव्हता. ज्या राज्यांत ते झालं तिथे सायकोसिस असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक उपचारांविना होते; आपल्याकडे काय आहे ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं. तेव्हा मंत्रिमहोदयांना लिहिणारे लिहोत. माझं म्हणणं वेगळं आहे. तरुण मुलाला या आजारातून उठून उभं राहायचं असेल तर सगळ्यात मोठं पुनर्वसन केंद्र त्याचं कॉलेज आहे, आणि त्याच्या किल्ल्या आरोग्य खात्याकडे नाहीत, आपल्याकडे आहेत.

मी एका शुभार्थीची आई. स्वमदत गटांत आम्ही आजारी व्यक्तीला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतो. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमुळे हे शब्द आमच्यासारख्या पुष्कळ घरांत रुळले. माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आजारी पडला. आजाराचे तपशील सांगत नाही, कारण ते त्याचे आहेत. त्यानं जेवढं लिहायला हो म्हटलं तेवढंच लिहिते. डॉक्टर चांगले मिळाले. गोळ्या लागू पडल्या. काही महिन्यांनी आवाज थांबले, झोप लागायला लागली, आणि एका सकाळी तो म्हणाला, "मला कॉलेजला जायचंय."

आमच्या घरात त्या दिवशी दिवाळी होती. ती ऑफिसच्या खिडकीपर्यंत टिकली. खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र स्टॅम्पपेपरवर आणा. त्यात कारण लिहा. 'मेडिकल' एवढं चालणार नाही, आजार कोणता ते लिहा. 'फिट' असल्याचं सर्टिफिकेट आणा, तेही सिव्हिल सर्जनचं. मधल्या काळात पॅटर्न बदलला आहे, त्यामुळे जुने दोन विषय धरले जाणार नाहीत, नव्या पॅटर्नचे तीन जादा द्यावे लागतील. विभागप्रमुख वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मायेनंच म्हणाले, "ताई, कशाला त्याच्या डोक्याला ताण? बाहेरून बी.ए. करू दे ना." बी.ए. ही काही विश्रांतीची जागा नव्हे, हे कला शाखेच्या प्राध्यापकांनी त्यांना सांगावं. माझा मुलगा बाहेर व्हरांड्यात उभा होता आणि त्याला सगळं ऐकू येत होतं. या वेळचे आवाज खरे होते.

गोळ्यांनी काय होतं आणि काय होत नाही, ते आपल्यापर्यंत नीट पोचलेलं नसावं असं मला वाटतं. पहिल्या झटक्यात भास आणि संशय हे बहुतेकांचे गोळ्यांनी आटोक्यात येतात. त्या घेतल्याच पाहिजेत; एका नावाजलेल्या अमेरिकी पाहणीत पहिल्या झटक्यातून सावरलेल्या ज्यांनी गोळ्या सोडल्या, त्यांचा आजार उलटण्याची शक्यता सुमारे पाचपट वाढलेली आढळली. पण आजाराची दुसरी बाजू गोळ्यांना फारशी जुमानत नाही. उत्साह आटतो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, बोलणं दोन-चार शब्दांवर येतं, लक्ष टिकत नाही, वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं. शिक्षक याला आळस म्हणतात, काका-मामा माज म्हणतात. त्यात गोळ्यांचा स्वतःचा भार असतो. सकाळी आठच्या लेक्चरला डोळे उघडत नाहीत. हात थरथरतो, मग ड्रॉइंगची रेघ सरळ येत नाही आणि प्रॅक्टिकलला ब्युरेट धरवत नाही. काही गोळ्यांनी एका जागी बसवत नाही, मुलगा वर्गातून उठून फेऱ्या मारतो आणि उद्धट ठरतो. वजन वाढतं, मुलं हसतात. क्लोझॅपिन हे औषध सुरू झालं तर पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. ती रजा कुठल्या नियमात बसते ते मला आजतागायत समजलेलं नाही.

या दुसऱ्या बाजूवर उपाय म्हणजे पुन्हा जगण्यात उतरणं. पुनर्वसन म्हटलं की आपल्याकडे पणत्या, मेणबत्त्या, उटणं आणि कागदी पिशव्या डोळ्यांसमोर येतात. पणत्यांना मी नावं ठेवत नाही. सकाळी उठून, अंघोळ करून, दहाच्या ठोक्याला कुठेतरी पोचायचं आहे, ही गोष्टच महिनोन्महिने अंथरुणात पडलेल्या माणसाला पुन्हा उभी करते. आमच्या गटातल्या एका बाईंना तिथे जिवाभावाची मैत्रीण मिळाली. पण एकवीस वर्षांच्या मुलानं चार सेमिस्टर इंजिनिअरिंग केलं आहे. त्याला आयुष्यभर पणत्या रंगवायला बसवून आपण त्याला एवढंच सांगतो की, तू आता वेगळ्या जातीचा माणूस झालास.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९० च्या दशकात हा क्रमच उलटा केला. तोवरची रीत अशी होती की, आधी वर्षानुवर्षं कार्यशाळेत तयारी, मग जमलं तर नोकरी. त्यांनी म्हटलं, ज्याला काम करायचंय त्याला आधी खऱ्या कामाच्या जागी जाऊ द्या, त्याच्या आवडीच्या, खऱ्या पगाराच्या. आणि आधार देणारा माणूस तिथे त्याच्यामागे उभा करा, आधाराची गरज सुटेल तेव्हा सुटेल. तरुणांसाठी यातच शिक्षण जोडलं गेलं. मेलबर्नमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग मला फार बोलका वाटतो. पहिल्या झटक्यातून जाणारे ४१ तरुण घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याखेरीज हा आधार. सहा महिन्यांत आधार मिळालेल्यांपैकी १३ जण कामाला लागले. दुसऱ्या गटातून फक्त दोघं.

पुढे अमेरिकेनं २१ राज्यांतल्या ३४ केंद्रांवर ४०४ तरुणांना घेऊन मोठा अभ्यास केला. बेताचा औषधोपचार, कुटुंबाशी बोलणं, समुपदेशन आणि शिक्षण-नोकरीसाठी मदत, असं सगळं एका गटानं मिळून द्यायचं. दोन वर्षांत ही मुलं उपचारात जास्त टिकली आणि शाळा-कॉलेज-नोकरीत जास्त दिसली. त्यातली एक गोष्ट आपण टिपून ठेवावी. आजार सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा काळ या मुलांमध्ये मध्यकानुसार ७४ आठवडे होता, अमेरिकेत! आणि ज्यांचा काळ त्याहून कमी होता त्यांनाच नव्या पद्धतीचा जास्त फायदा झाला. हे आठवडे कुठे जातात? आपल्याकडे त्यातले काही देवऋष्याकडे, काही 'बाहेरचं' उतरवण्यात आणि काही दर्ग्यावर जातात. पण पहिले आठवडे वर्गात, हॉस्टेलमध्ये आणि मेसमध्ये जातात, जिथे रूममेटला सगळं दिसत असतं आणि कुणाला सांगायचं ते ठाऊक नसतं.

परदेशाची उदाहरणं दिली की "त्यांच्याकडे पैसा आहे" हे उत्तर तयार असतं. म्हणून घरची सांगते. आपल्या सातारा जिल्ह्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत २८२ स्किझोफ्रेनिया रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. दहावी-बारावी झालेल्या स्थानिक मुलामुलींना शिकवून तयार केलं, ती घरी जायची, गोळ्यांबद्दल बोलायची, कामाला लागण्यासाठी पाठपुरावा करायची. वर्षभरानंतर, नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा यानं रोजच्या जगण्यातली अडचण जास्त कमी झाली. फरक माफक होता, हेही खरं. चमत्कार झाला नाही. पण ज्यासाठी आपण 'कर्मचारी नाहीत' म्हणून सांगतो तशा कामासाठी मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही हे या चाचणीनंच दाखवलं. चेन्नईतली स्कार्फ ही १९८४ पासून काम करणारी संस्था आणि कॅनडातलं मॉन्ट्रियल यांच्यात पहिल्या झटक्याच्या रुग्णांची तुलना झाली, तेव्हा भास-संशयाच्या बाबतीत दोन्हीकडे सारखीच सुधारणा दिसली, आणि उत्साह आटणं, अबोलपणा या बाबतीत चेन्नईची मुलं पुढे निघाली. तिथे घरचे जास्त सोबत होते. आमच्याकडे आई आहे, वडील आहेत, मावशी आहे, शेजारच्या काकूसुद्धा आहेत. घर आपली बाजू उचलतं. पण घर त्याला बरोबरीची मुलं देऊ शकत नाही, कट्ट्यावरचा चहा देऊ शकत नाही, परीक्षेची भीती आणि पास झाल्याचा कागद देऊ शकत नाही. ते आपल्याकडे आहे.

आता नियमांकडे येते, कारण आपल्या हातात ते आहेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा दिव्यांगत्वात समावेश आहे. कलम १६ नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शैक्षणिक संस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करून द्यायच्या आहेत. कलम १७ मध्ये अभ्यासक्रमात आणि परीक्षेत बदल, जादा वेळ, लेखनिक यांचा उल्लेख आहे. कलम ३२ नुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव आहेत. आपल्या समान संधी कक्षात रॅम्प आणि ब्रेल यांची माहिती मिळते, ती हवीच. सायकोसिसमधून परतणाऱ्या मुलाला काय लागतं असं तिथे विचारलं तर समोरचा माणूस आपल्यालाच विचारतो, "काय लागतं?"

चाळीस टक्क्यांचं त्रांगडं इथे सांगायला हवं. मानसिक आजाराचं दिव्यांगत्व 'आयडियाज' या मोजपट्टीनं मोजतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टींना गुण द्यायचे, त्यात आजाराच्या काळाचे मिळवायचे. मुलगा जिद्दीनं सावरला, अंघोळ करायला लागला, मित्रांशी बोलायला लागला की त्याचे गुण चाळीस टक्क्यांच्या खाली येतात आणि सवलत जाते. बरं होण्याचा दंड! पण सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार प्रकरणात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सांगितलं आहे की, वाजवी सोयींचा हक्क चाळीस टक्क्यांच्या पाटीला बांधलेला नाही. तो खटला परीक्षेत लेखनिक मिळण्याबद्दल होता; तत्त्व सगळ्यांना लागू आहे. तेव्हा सर्टिफिकेट नाही म्हणून जादा वेळ नाही, असं कुणाही प्राचार्यांनी म्हणू नये. पुष्कळ घरं ते सर्टिफिकेट काढतच नाहीत. धाकटीचं लग्न व्हायचं असतं.

सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, हा त्यातला एक. स्वागत आहे. मात्र आत्महत्या आणि परीक्षेचा ताण यांच्यावर सगळं लक्ष लागलं की माझ्या मुलासारखी मुलं पुन्हा चौकटीबाहेर राहतात. सायकोसिसच्या सुरुवातीला मुलगा समुपदेशकाच्या दारात स्वतःहून जात नाही, कारण आपण आजारी आहोत हेच त्याला पटलेलं नसतं. त्याच्यासाठी रूममेटनं, रेक्टरनं, लॅब असिस्टंटनं ओळखायला हवं. आणि समुपदेशकानं तासभर गप्पा मारून त्याला परत पाठवायचं नाही, त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं आहे. हे समुपदेशकांनाही कुणीतरी शिकवावं लागेल.

शिस्तपालन समितीचं आणखी एक. पहिल्या झटक्यात मुलं विचित्र वागतात. एखादा प्राध्यापकांवर पाळत ठेवल्याचा आरोप करणारे दहा-दहा पानी ईमेल कुलसचिवांना पाठवतो. एखादी हॉस्टेलच्या खोलीला आतून कडी लावून दोन दिवस बाहेर येत नाही. यावर नोटीस निघते, पालकांना बोलावलं जातं, 'वर्तणूक असमाधानकारक' असा शेरा दाखल्यावर येतो आणि तो शेरा पुढच्या प्रत्येक कॉलेजच्या खिडकीत दिसतो. कुठल्याही विद्यार्थ्याचं वागणं अचानक पालटलं असेल तर शिस्तीची कारवाई करण्याआधी वैद्यकीय मत घ्यावं, एवढी एक ओळ आपल्या नियमावलीत आली तर पुष्कळ मुलं वाचतील. इतर विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न मी टाळत नाही. उपचार न मिळालेल्या, घाबरलेल्या माणसाच्या हातून क्वचित काही घडतं. उपचारात असलेला, वर्गात पुढच्या बाकावर गुपचूप बसणारा मुलगा मात्र बहुतेक वेळा स्वतःच घाबरलेला असतो, आणि छळ झालाच तर त्याचा होतो.

परतीच्या सेमिस्टरवर मात्र मी अडून बसणार आहे, कारण सगळं तिथे फसतं. मुलगा बरा होऊन येतो आणि पहिल्याच दिवशी त्याच्यावर सहा विषय, दोन केटी, लॅब आणि प्रोजेक्ट यांचा डोंगर टाकला जातो. दोन महिन्यांत तो पुन्हा घरी येतो, आणि मग सगळे म्हणतात, बघा, झेपत नाही. एका सेमिस्टरला सहाऐवजी तीन विषय घेऊ द्या. नव्या शैक्षणिक धोरणानं हे सोपं करून ठेवलं आहे. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये श्रेयांक सात वर्षांपर्यंत टिकू शकतात, मधेच बाहेर पडण्याची आणि परत येण्याची सोय कागदावर आहे. ती नोकरी किंवा स्टार्टअपसाठी वापरणाऱ्यांना आपण शाबासकी देतो. आजारपणासाठी वापरणाऱ्यालाही द्या. वैद्यकीय खंड घेणाऱ्याचा प्रवेश रद्द धरू नका, तो आला तेव्हा त्याच्या पॅटर्नचे झालेले विषय जमेला धरा, पुन्हा प्रवेश शुल्क घेऊ नका. खंडाच्या कागदावर 'वैद्यकीय कारण' हे दोन शब्द पुरेसे माना. आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यानं रुग्णाला दिला आहे, आणि कॉलेजच्या खिडकीवरचा कारकून तो काढून घेऊ शकत नाही. वर्गातल्या एका शिक्षकाला, मुलाच्या संमतीनं, सगळं ठाऊक असू द्या. सकाळच्या लेक्चरचा, पाच मिनिटं बाहेर जाऊन येण्याचा, हजेरीच्या ७५ टक्क्यांचा प्रश्न तो शिक्षक परस्पर मिटवू शकतो. साताऱ्यात दहावी-बारावी झालेली मुलं जे करू शकली ते पीएच.डी. झालेल्या प्राध्यापकांना जमेल असा मला विश्वास वाटतो.

प्लेसमेंट सेलमध्ये कंपन्यांच्या अटी येतात: खंड एक वर्षापेक्षा जास्त नको, बॅकलॉग नको. विद्यापीठानं कंपन्यांशी बोलून वैद्यकीय खंडाला यातून सूट मागावी. काही देतील, काही देणार नाहीत. मागितली तर पाहिजे.

नियम वाकवता येत नाहीत असं कृपया म्हणू नका. पाटणा विद्यापीठानं वशिष्ठ नारायण सिंह नावाच्या अफाट बुद्धीच्या विद्यार्थ्यासाठी नियम बाजूला ठेवून त्याला वेळेआधीच वरच्या परीक्षांना बसू दिलं होतं. त्यांनी १९६९ मध्ये बर्कलीहून गणितात पीएच.डी. मिळवली, परत येऊन आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही काही काळ काम केलं. मग स्किझोफ्रेनिया झाला. १९८९ मध्ये ते बेपत्ता झाले, चार वर्षांनी अत्यंत दैन्यावस्थेत सापडले. २०१९ मध्ये गेले, आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्याच काळात अमेरिकेत स्किझोफ्रेनिया झालेले गणिती जॉन नॅश प्रिन्स्टनच्या गणित विभागात वर्षानुवर्षं नुसते वावरत होते, फळ्यांवर काहीबाही लिहीत होते, ग्रंथालय आणि संगणक वापरत होते. कुणी त्यांना हाकललं नाही. १९९४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वशिष्ठ बाबूंना कुठल्या विभागानं असं वावरू दिलं असतं तर काय झालं असतं, ते सांगता येत नाही, आणि दोन माणसांच्या आजारांची तुलना करू नये हेही खरं. तरी हुशारीसाठी वाकणारा नियम आजारासाठी का वाकू नये, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. स्किझोफ्रेनिया असलेल्या एलिन सॅक्स येलमध्ये कायद्याच्या पहिल्याच वर्षाला असताना त्यांना मनोरुग्णालयात न्यावं लागलं. पुढच्या वर्षी येलनं त्यांना परत घेतलं. आज त्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात कायद्याच्या प्राध्यापक आहेत, अजूनही गोळ्या घेतात आणि शिकवतात. सगळी मुलं नॅश आणि सॅक्स होणार नाहीत, जशी आपली बाकीची मुलंही होत नाहीत. त्यांना बी.कॉम. व्हायचंय, डिप्लोमा पुरा करायचाय, तलाठ्याची परीक्षा द्यायची आहे.

मुलींबद्दल वेगळं लिहायलाच हवं. मुलगा आजारी पडला की घरचे निदान कधीतरी कॉलेजची खिडकी गाठतात. मुलगी थोडी बरी झाली की स्थळ बघतात. आजार लपवून लग्न होतं, सासरी गोळ्या लपवून घ्याव्या लागतात, मग बंद होतात, आणि सहा महिन्यांत ती माहेरच्या ओसरीवर परत येते. आमच्या गटात अशा मुली आहेत आणि त्यांच्यातली एकही पुन्हा वर्गात बसलेली नाही. अशा मुलीच्या वडिलांना "लग्नाची घाई करू नका, तिची जागा इथे आहे, जूनमध्ये पाठवा" असं पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर गेलं, तर त्या कागदाचं वजन आमच्या शंभर समजावण्यांपेक्षा जास्त पडेल.

माझ्या मुलाचं काय झालं, असं आपण विचाराल. त्यानं दुसऱ्या कॉलेजमधून, दुसऱ्या शाखेत, बऱ्याच उशिरानं पदवी घेतली. एका छोट्या कंपनीत तो काम करतो. मधे एकदा आजार उलटला, पुन्हा सावरला. गोळ्या रोज रात्री घेतो. इंजिनिअरिंगची पुस्तकं त्यानं रद्दीत घालू दिलेली नाहीत.

माझी विनंती साधी आहे. येत्या विद्या परिषदेच्या बैठकीत हा एक विषय घ्या: वैद्यकीय खंड आणि परतीचं सेमिस्टर. त्या चर्चेला एक मानसोपचारतज्ज्ञ बोलवा, एक शुभंकर बोलवा आणि आजारातून उठून परत शिकायला आलेला एक विद्यार्थीही बोलवा. असे विद्यार्थी आपल्याच विद्यापीठात आहेत, विचारलं तर पुढे येतील. परिपत्रक पुढचे प्रवेश सुरू होण्याआधी काढा, आणि ते मराठीत काढा, म्हणजे गावाकडे बसलेल्या वडिलांना वाचता येईल. तोपर्यंत एवढं तरी आजच करा: आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक रेक्टरला सांगा की, आजारी मुलाला घरी नेणाऱ्या वडिलांची सही घेताना त्यांचा फोन नंबर लिहून घ्यावा, आणि दोन महिन्यांनी त्यावर एक फोन करावा.

आपली विश्वासू,
एका विद्यार्थ्याची आई